भावना दुखावल्या असल्यास

मावशींना राग आला की त्या चादर बदलतात. चादर मळलेली असलीच पाहिजे असं नाही. इस्पितळाच्या वॉर्डात आया म्हणून एकवीस वर्षं काढल्यामुळे पेशंटला पलंगावरून न उठवता, या कुशीवरून त्या कुशीवर करत खालची चादर काढून नवी घालायची विद्या त्यांच्या हातात बसली आहे. कोपरे पाकिटासारखे दुमडलेले, मधे औषधालाही सुरकुती नाही. बाई मग डोळे मिटूनच विचारतात, "आज ही तिसरी. कुणाचं काय चुकलं?"

बाई म्हणजे मावशींच्या पेशंट. जन्मभर शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या, वय अठ्ठ्याहत्तर, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंग आणि खुर्ची एवढ्याच मुलखाच्या रहिवासी. जोडीला जुना दमा. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला जातात. मुलाला मावशी दादा म्हणतात आणि सुनेला वहिनी. सकाळी आठ ते संध्याकाळी सात बाई मावशींच्या ताब्यात असतात, किंवा मावशी बाईंच्या. नक्की कोण कुणाच्या, यावर दोघींचं एकमत नाही.

दुपारी दोन ते चार मात्र दोघीही टीव्हीच्या ताब्यात. दोन वाजता एक गुन्हेगारी मालिका, तीनला दुसरी, दुसऱ्या वाहिनीवर. त्यांची खरी नावं लांबलचक आणि भीतीदायक आहेत, पण या खोलीत पहिलीला 'काळा कोट' म्हणतात आणि दुसरीला 'आपटबार'. काळ्या कोटात प्रत्येक भागाच्या शेवटी काळा कोट घातलेले एक गृहस्थ अंधारातून चालत येतात आणि उपदेश करतात. आपटबारात एक इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटतो. एका भागात बाईंनी चौदा वेळा मोजलं. बाईंचं म्हणणं, तपास टेबलाचा चालू असता तर दहाव्या फटक्याला टेबलानं कबुली दिली असती.

शिक्षकाची सवय जाता जात नाही. बाईंनी एक वही केली. डावीकडं काळा कोट, उजवीकडं आपटबार, आणि प्रत्येक भागापुढं लाल शाईनं गुन्हेगार कोण ते. चाळीस-चाळीस भाग झाल्यावर बेरीज मारली. काळ्या कोटात चाळीसपैकी एकोणीस वेळा गुन्हेगार घरकामवाली, आया, ड्रायव्हर नाहीतर रखवालदार. भाचे-पुतणे सगळे मिळून चार. आपटबारात नोकरमाणूस गुन्हेगार फक्त सात वेळा, पण मार मात्र एकतीस वेळा त्यानंच खाल्लेला. चौकशीची सुरुवातच त्याच्यापासून. तो निर्दोष निघाला की इन्स्पेक्टर पुढच्या माणसाकडं वळतो. त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही.

"एक मारून सोडतो, दुसरा सोडतच नाही," बाई म्हणाल्या. "दोघेही नापास."

मावशींचा राग वेगळा होता. त्यांना खुनांचं काही वाटत नसे, त्यातल्या कामाचं वाटे. मालिकेतली आया इंजेक्शनची सुई भाजीच्या सुरीसारखी मुठीत धरते. उशीनं तोंड दाबते त्या उशीला अभ्रा नसतो. आणि पेशंटला उताणं झोपवून दूध पाजते. मावशी म्हणत, हिला विष कालवायची गरजच काय, अशी पाजलीस तर ठसका लागूनच जाईल की ती. सुरुवातीला एक पाटी झरकन येऊन जाई, की यातली पात्रं काल्पनिक असून कुणाशी साधर्म्य आढळल्यास योगायोग समजावा. हे कुणाला सांगतात, असं मावशींनी एकदा विचारलं. वकिलाला, बाई म्हणाल्या.

तर असा हा दोघींचा सुखाचा संसार चालू होता, आणि मग वहिनींनी एक भाग बघितला.

त्या दुपारी घरी नसतात, त्यांनी तो सुट्टीच्या दिवशी बघितला. काळ्या कोटाचाच. आया म्हातारीला रोज झोपेच्या जादा गोळ्या देते आणि घर धुऊन नेते. शेवटी ते गृहस्थ कॅमेऱ्यात डोळे घालून म्हणाले, तुमच्या घरात येणाऱ्या माणसाला तुम्ही खरंच ओळखता का? मावशी रोज या प्रश्नाला पलंगाजवळून उत्तर देत असत, की तुम्हाला तुमच्या कोटाचा शिंपी तरी ठाऊक आहे का. पण त्या दिवशी मावशींची रजा होती, त्यामुळं प्रश्न अनुत्तरित राहिला.

दोन दिवसांनी बाईंच्या औषधांच्या कपाटाला कडीकोयंडा आणि कुलूप आलं. वरच्या फळीवर चेंडूएवढा पांढरा कॅमेराही आला, माणूस हलला की मान वळवून बघणारा. वहिनी मावशींशी फार गोड बोलल्या. तुमच्यावर संशय नाही हं मावशी, आजकाल सगळीकडंच असतं, म्हणाल्या. दिवसाच्या गोळ्या त्या एका डबीत काढून ठेवणार आणि किल्ली आपल्या पर्समध्ये नेणार. मावशी हो म्हणाल्या. त्या दिवशी चादर चार वेळा बदलली गेली.

वहिनींनी गोळ्या नेमानं काढल्या, त्यात खोट काढता येणार नाही. पण दम्याचा पंप ही काही गोळी नव्हे. तो उशाशी असतो, लागेल तेव्हा तोंडात धरून दाबायचा, आणि संपत आला की नवा काढायचा. तो संपत आल्याचं मावशींनी आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. वहिनींनी हो हो म्हटलं होतं. नवा पंप खोक्यासकट कपाटात राहिला आणि किल्ली शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मिटिंगमध्ये जाऊन बसली.

दुपारी पावणेदोनला बाईंना दम लागला. उशाशी होता त्या पंपातून दोनदा नुसती हवा आली. मावशींनी वहिनींना फोन केला, मग दादांना, मग पुन्हा वहिनींना. कुणी उचलला नाही. बाईंचे ओठ निळसर व्हायला लागले तेव्हा मावशींनी टेबलावरची इस्त्री उचलली आणि कोयंड्यावर घातली. चौथ्या घावाला कोयंडा स्क्रूंसकट निघाला. त्यांनी खोकं फोडलं, वळल्या, बाईंना पाठीशी उशा लावून बसतं केलं आणि पंप तोंडाला लावला. वीस मिनिटांत बाई बोलायला लागल्या. पहिलं वाक्य, काळा कोट सुरू झाला असेल, लाव.

मावशींनी लाकडाचा भुसा झाडून घेतला, स्क्रू एका वाटीत ठेवले आणि दोघींनी तो भाग बघितला. गुन्हेगार ड्रायव्हर होता.

तासाभरानं दादांनी ऑफिसात फोन उघडला. तिथं मिस्ड कॉल होते आणि कॅमेऱ्यानं धाडलेलं चित्र होतं. माणूस चित्र आधी बघतो. चित्रात आया इस्त्रीनं कपाट फोडत होती. त्यांनी ते बायकोला पाठवलं. वहिनींनी ते इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, कोणी खाली असेल तर जरा वर जाऊन बघा म्हणून. त्यानंतर त्यांनी घरी फोन केला. हा क्रम उलटा असता तर ही गोष्टच घडली नसती. फोन बाईंनी घेतला आणि सुनेला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. व्याकरण मात्र अचूक होतं. वहिनींनी ग्रुपवरून ते चित्र लगेच काढून टाकलं. पण ग्रुपात साठ माणसं होती. साठापैकी एकाचा कुणीतरी वाहिनीत कामाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला ते चित्र एका बातम्यांच्या वाहिनीवर आलं. काळा कोट दाखवणाऱ्यांचीच ही धाकटी वाहिनी, आणि संगीतही थोरलीकडून उसनं आणलेलं. अडतीस सेकंद. मावशींच्या चेहऱ्यावर धुकं, भोवती लाल गोल, आणि निवेदिका विचारतेय, आजारी वृद्धेच्या खोलीत ही आया काय करतेय? इस्त्रीचा घाव तीनदा हळू करून दाखवला. मावशी खोकं घेऊन वळतात तिथं चित्र थांबलं. त्यानंतर कॅमेऱ्यानं मान वळवली होती आणि पुढचं सगळं पलंगावरचं होतं. ते दादांच्या फोनातच राहिलं होतं.

चेहऱ्यावर धुकं होतं हे खरं. पण निळ्या काठाची पांढरी साडी, कंबरेला खोचलेला नॅपकिन, पाठीवरची जाड वेणी आणि डाव्या पायावर जरा जास्त भार देऊन चालणं, हे सगळं लख्ख होतं. त्या रस्त्यावर तसं चालणारी एकच बाई आहे.

दुपारपर्यंत आयांच्या ब्युरोचा फोन आला. ब्युरो म्हणजे घराघरांत आया पुरवणारं ऑफिस. चौकशी होईपर्यंत तुमचं नाव यादीतून काढलंय, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. चौकशी कोण करणार ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंकडे बदली आया धाडली. बाईंनी तिला बसवलं, चहा पाजला, तुझं काही चुकलेलं नाही मुली, असं सांगितलं आणि परत पाठवलं; ब्युरो काहीही म्हणो, त्यांच्याकडं मावशीच येत राहिल्या. कोपऱ्यावरचा दुकानदार इतकी वर्षं मावशींना साबण हातात देत असे. आता तो साबण काउंटरवर ठेवून त्यांच्या हातांकडं बघायला लागला. मावशींच्या नणंदेनं फोन करून विचारलं, नक्की काय झालं होतं गं? नक्की या शब्दावर तिचा जोर होता. मावशींनी फोन ठेवला. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती विझवायला चादरी पुरणार नव्हत्या.

दादा आणि वहिनी मनातून खजील होते. पण खजील माणसाला सगळ्यात आधी विषय बंद करायचा असतो. लोक चार दिवसांत विसरतील, असं दोघांचं म्हणणं पडलं.

"लोक विसरतील हो," मावशी म्हणाल्या. "पण विसरताना माझं नाव सोडून बाकीचं विसरतील."

त्यांना काय हवं होतं ते अगदी साधं होतं. त्याच वाहिनीनं, तेच चित्र, पुढच्या भागासकट दाखवावं आणि ही बाई औषध देत होती एवढं म्हणावं.

मग बाई कामाला लागल्या. शाळेतला एक जुना विद्यार्थी कुठंसा वकिली करत होता, त्याच्याकडून त्यांनी नियमांचे कागद मागवले आणि भिंग घेऊन वाचले. त्यांनी मावशींना समजावून सांगितलं ते असं. आधी वाहिनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं, त्यानं पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. समाधान झालं नाही तर सगळ्या वाहिन्यांनी मिळून नेमलेली एक समिती असते, तिथं. त्याच्याही वर सरकार.

मावशी म्हणाल्या, म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरची तक्रार आधी सिस्टरकडेच करायची, मग सगळ्या सिस्टरांनी मिळून निवडलेल्या मेट्रनकडे. बाई म्हणाल्या, बरोबर समजलीस. मावशींनी विचारलं, मग हे नियम पेशंटसाठी आहेत की सिस्टरसाठी? बाईंनी भिंग खाली ठेवलं. यावर कागदात काही नव्हतं. त्यात आणखी एक गोम होती. मालिकांना एक नियमावली, बातम्यांना दुसरी. मालिकेनं काल्पनिकची पाटी लावली की तिला बरंच माफ. बातमीला मात्र दुसरी बाजू विचारावी लागते. त्या अडतीस सेकंदांना संगीत मालिकेचं होतं आणि वेळ बातम्यांची. बाईंनी बातम्यांच्या नियमात बोट घातलं, कारण दुसरी बाजू विचारायला इथं कुणीही आलेलं नव्हतं.

तक्रार तीन पानांची झाली. बाईंनी तिला आपली वहीही जोडली, काळा कोट आणि आपटबार, चाळीस-चाळीस भाग, लाल शाईच्या बेरजेसकट. एकीकडं वर्षभर हे शिकवायचं, मग एक दिवस तसंच चित्र हातात आलं की त्यावर उडी घालायची, ही एकच गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंही होतं.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. जाड कागद, वर वाहिनीचं रंगीत चिन्ह. सदर कार्यक्रम बातमी नसून जनजागृतीपर आहे. सदर व्यक्तीचा चेहरा अस्पष्ट केला होता. जोडलेल्या वहीबाबत कळविण्यात येते की त्यातले आमच्या मालिकेचे सर्व भाग तीन वर्षांपूर्वीचे असून दुपारी त्यांचं पुनःप्रसारण होतं, सबब तक्रारीची मुदत उलटली आहे. हे वाचून बाईंचा चेहरा पडला. तीन वर्षांपूर्वीचे शिळे खून दोघींनी ताजे म्हणून मोजले होते. मावशी म्हणाल्या, आपल्याला कसं कळणार, मेलेला माणूस तर दर वेळी नवीनच असतो.

शेवटची ओळ अशी होती: यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत.

बाईंनी लाल पेन घेतलं आणि 'असल्यास' भोवती गोल काढला. मग मावशींना जवळ बसवून तो शब्द शिकवला, जसा त्यांनी तो चाळीस वर्षं सातवीच्या वर्गाला शिकवला होता. असल्यास म्हणजे असल्या तर. म्हणजे दुखावल्या आहेत हे आम्ही मानत नाही. दुखावल्या नसतील तर दिलगिरी परत घेतली असं समजावं.

मावशींनी त्या गोलाशेजारच्या शब्दावर बोट ठेवलं.

"आणि भावना कुठनं आल्या मधे? भावनांना काय धाड भरलीय. यादीतलं माझं नाव गेलंय."

पुढची पायरी समितीची. पण समितीला पूर्ण चित्रीकरण लागणार होतं, आणि ते दादांच्या फोनात होतं. इथं गाडं अडलं. त्या चित्रीकरणात आवाजही होता. सात मिनिटं बाईंची छाती शिट्टीसारखी वाजत होती, आणि नवा पंप कुणी कुलपात घातला होता ते बघणाऱ्याला न सांगता कळत होतं. दादा आठवडाभर आज देतो, उद्या देतो करत राहिले. शेवटी एका संध्याकाळी ते आईच्या पलंगापाशी बसले आणि म्हणाले, आई, तुझी ती अवस्था परक्या माणसांनी बघायची हे मला बरं वाटत नाही.

"तुला माझी लाज वाटतेय की कुलपाची?"

दादा हातातला फोन उलटसुलट करत राहिले. वहिनी दारात उभ्या होत्या. मावशींची घरी जायची वेळ झाली होती, पण त्या गेल्या नाहीत. पिशवी खांद्याला, चपला हातात, अशा मधेच उभ्या राहिल्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुमच्या वडलांना शेवटी मीच पुसून काढायची. या घराचं मी खूप बघितलंय आणि चार घरी जाऊन त्यातलं अक्षर बोलले नाही. तुमच्या घरचं मात्र अडतीस सेकंद बाहेर पडलं आणि त्यात एकटी मीच होते. आता उरलेलं बाहेर काढा. त्यात तुम्ही दिसाल. दिसा."

त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. वहिनी पुढं आल्या. ग्रुपवर मी टाकलं होतं, समितीच्या अर्जावर मी सही करते, त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. मावशींनी थँक यू वगैरे काही म्हटलं नाही. त्यांना तसं वाटतही नव्हतं. त्यांनी चपला घातल्या आणि त्या गेल्या.

समितीची बैठक एका मोठ्या ऑफिसच्या सहाव्या मजल्यावर झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि मावशींना बसायला अशी खुर्ची की तिच्यात टेकून बसलं तर पाय जमिनीला लागत नाहीत. त्या टेकल्या नाहीत. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, बाजूला एका वाहिनीचे गृहस्थ आणि कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई. समोर वाहिनीचा तक्रार अधिकारी. तिशीतला, नम्र, चांगल्या घरचा दिसत होता. त्यानं मावशींसाठी दार उघडून धरलं होतं, त्यामुळं मावशींना त्याच्यावर रागावणं आणखीच कठीण गेलं. पण त्यांनी जमवलं.

त्यानं आपली बाजू मांडली. चेहरा दिसत नव्हता. हेतू जागृतीचा होता. आणि तक्रारदार ताईंकडं दिलगिरी आम्ही आधीच व्यक्त केली आहे.

"नुसती नाही केली," मावशी म्हणाल्या. "असल्यास लावून केली."

न्यायाधीशांना कळलं नाही. मावशींनी पिशवीतून तो कागद काढून लाल गोलासकट टेबलावर सरकवला. अधिकारी समजुतीनं हसला. तो शब्द आमच्या मसुद्यातच असतो ताई, प्रत्येक पत्रात तसाच जातो, वकिलांनी घालून दिलेला आहे, त्यात व्यक्तिशः काही नाही, असं त्यानं सांगितलं.

मावशी म्हणाल्या, तेच तर. लाल गोल काढलात तो व्यक्तिशः माझ्याभोवती काढलात. इस्त्री तीनदा हळू करून दाखवलीत, ती माझी. तेव्हा नाही म्हणालात की ही बाई चोर असल्यास. तेव्हा असल्यास कुठं गेला होता? वॉर्डात आम्ही चुकीच्या पेशंटला एनिमा दिला तर मेट्रन काय म्हणायची, पोट दुखलं असल्यास सॉरी?

कॉलेजातल्या बाईंनी पटकन पाण्याची बाटली तोंडाला लावली. वाहिनीवाले गृहस्थ कागदात बघायला लागले.

मग चित्रीकरण लावलं, पूर्ण. अडतीस सेकंद झाले, इस्त्री झाली, खोकं झालं, आणि कॅमेऱ्यानं मान वळवली. खोलीभर ती शिट्टी भरली. बाईंचा हात मावशींच्या पदराला घट्ट धरलेला होता. मावशींचा आवाज येत होता, माझ्याकडं बघा बाई, घ्या आत, थांबा, धरा धरा, सोडा, आता परत. ते सात मिनिटं चाललं. मावशींनी ते पहिल्यांदाच बघितलं होतं. आपण इतक्या घाबरलो होतो हे त्यांना त्या दिवशी कळलं नव्हतं. 

अधिकारी म्हणाला, हे दाखवता येणार नाही, आजारी माणसाचा सन्मान जपावा असा नियम आहे. यावर मावशींनी दुसरा कागद काढला. बाईंच्या हातचा, सुवाच्य. माझी खोली, माझी छाती, माझा दमा. धुकं न घालता दाखवावं. माझ्या सन्मानाची काळजी वाहिनीनं त्या सकाळी घेतली असती तर बरं झालं असतं. खाली सही आणि तारीख.

तुम्हाला नक्की काय हवंय, असं न्यायाधीशांनी विचारलं. तीच वेळ, तितकाच मोठा आवाज, आणि तो शब्द काढून, मावशी म्हणाल्या.

निकाल महिन्यानं आला. वाहिनीनं तीन दिवस सकाळी सव्वादहाला पुढच्या भागासह चित्र दाखवावं आणि आम्ही चूक केली, सदर महिलेची माफी मागतो, असं वाक्य विनाअट वाचावं. बाईंची वही मात्र समितीनं फेटाळली. मुदत उलटली होती, शिवाय घरकाम करणाऱ्या व्यक्ती म्हणजे कुणी एक विशिष्ट व्यक्ती नव्हे, आणि मालिका काल्पनिक असतात. बाईंनी ते दोनदा वाचलं. एवढ्या सगळ्यांना मिळून चोर म्हटलं तर गुन्हा नाही, एकीला म्हटलं तरच गुन्हा, हे गणित त्यांना पटलं नाही. समितीच्या कागदावर त्यांनी दहापैकी साडेपाच लिहिले. नवी वही मागवली, आणि या वेळी रात्रीचे ताजे भाग लिहून ठेवायचं काम वहिनींना दिलं. वहिनींनी ते निमूट घेतलं.

माफी आली. तीन दिवस, सव्वादहाला, बिनसंगीताची. निवेदिकेनं ती रिक्षाचं भाडं सांगितल्यासारखी वाचली, पण वाचली. 'असल्यास' नव्हता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी दुकानात गेल्या. दुकानदारानं साबण काउंटरवर ठेवला.

"टीव्हीवर बघितलंत का?" त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, नाही बुवा, काय होतं? ते पहिलं बघितलं होतं.

मावशींनी साबण तिथंच ठेवला. मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. मावशींनी त्यांच्याकडं पाठ केली नाही, उलट जरा बाजूला सरकून सगळ्यांना दिसेल अशा उभ्या राहिल्या आणि पहिल्यापासून सांगितलं. कुलूप कुणी घातलं, किल्ली कुठं होती, पंपातून काय आलं, ओठ कसे झाले, इस्त्री कुठून उचलली. गिऱ्हाइकांपैकी एकाला घाई होती, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. सांगून झालं तेव्हा दुकानदारानं साबण उचलून त्यांच्या हातात दिला. मावशींनी तो घेतला, पण त्यांचा राग काही उतरला नाही. वाहिनीनं एका सकाळीत सगळ्या शहराला सांगितलेलं त्यांना आता एकेका दुकानात जाऊन पुसायचं होतं, आणि शहरात दुकानं पुष्कळ होती.

दुसऱ्या दिवशी बाईंकडून दोन तासांची सुट्टी घेऊन त्या ब्युरोत गेल्या. निकालाची प्रत टेबलावर ठेवली. मॅडमनी ती चाळली, बरं झालं हो मावशी, म्हणाल्या, आणि यादी काढून सगळ्यात खाली त्यांचं नाव लिहिलं. त्रेसष्टावं. चांगली कामं यादीत वरून वाटली जातात, हे दोघींनाही ठाऊक होतं. मावशी अकरा वर्षं चौथ्या नंबरावर होत्या.

"चारवर लिहा," मावशी म्हणाल्या.

मॅडम म्हणाल्या, अहो मावशी, चारवर आता दुसरी आहे, तुमचं वर घ्यायचं तर खालची सगळी यादी पुन्हा लिहावी लागेल, साठ नावं आहेत. पुढच्या वर्षी नवी यादी करू तेव्हा बघू. आणि आता झालं ना सगळं तुमच्या मनासारखं, झालं गेलं सोडून द्या.

मावशींनी भिंतीशी असलेली खुर्ची ओढून टेबलासमोर आणली, तिच्यात ऐसपैस बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. मग मॅडमच्या पेनस्टँडमधलं पेन काढून, टोपण उघडून त्यांच्यापुढं धरलं.

"साठच आहेत ना," त्या म्हणाल्या. "लिहा. मी थांबते."